नसलेली तोटी

हायकोर्टानं आपल्याविषयी चार ओळी लिहिल्या आहेत, ही बातमी मधुसूदनराव पिंपळापुऱ्यांना कळली तेव्हा ते अंगणात आरसा टांगून दाढी करत होते, आणि पहिली दोन मिनिटं त्यांना आनंदच झाला.

बातमी आणणारे आनंदराव प्रताप नगरात समोरच्याच ओळीत राहायचे आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात निकालांच्या नकला टाइप करायचे. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे निकाल टाइप करून त्यांच्या बोलण्यालाही एक निर्विकारपणा आला होता. "गुरुजी, तुमचं नाव आहे यात," ते म्हणाले आणि त्यांनी एक इंग्रजी कागद पुढे केला. मधुसूदनरावांनी एका गालावरचा फेस तसाच ठेवून तो वाचला. एका शब्दाशी अडले. शब्द होता 'एम्बेलिश'. घरातून शब्दकोश आणवला. त्यात अर्थ सापडला : अलंकृत करणे, सुशोभित करणे.

एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या आणि त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काढलेल्या माणसाला याहून गोड काय वाटणार? "आमची भाषा आलंकारिक आहे, असं न्यायमूर्तींचं मत दिसतं," ते म्हणाले.

"पुढे वाचा," आनंदराव म्हणाले.

पुढे लिहिलं होतं की, हा साक्षीदार सत्याला सुशोभित करणारा आहे. जी वस्तू तिथे नव्हतीच ती त्यानं पाहिली, आणि तीही जो उजेड अजून पडलाच नव्हता त्या उजेडात. अशा माणसाच्या शब्दावर कोणालाही एक दिवससुद्धा तुरुंगात ठेवणं धोक्याचं आहे. सबब आरोपी निर्दोष.

दुसऱ्या गालाची दाढी त्या दिवशी झाली नाही.

प्रकरण शेजारच्या भैय्याजींच्या बंबाचं. भैय्याजींचा लकडगंजात इमारती लाकडाचा धंदा होता आणि त्यांच्या पत्नी इंदूबाईंनी माहेराहून तांब्याचा एक थोरला बंब आणला होता. चार वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका पहाटे, तो अंगणातून नाहीसा झाला. चौकशीला आलेल्या हवालदाराला मधुसूदनरावांनी एवढंच सांगितलं : पावणेसहाच्या सुमाराला खिडकीतून एक माणूस सायकलवर मागे काहीतरी मोठं बांधून जाताना दिसला.

हे अक्षर न् अक्षर खरं होतं. ते तिथेच राहतं तर पुढचं काही झालं नसतं. पण हवालदार गेल्यावर भैय्याजी म्हणाले, "गोल होतं काय गा गुरुजी?" मधुसूदनरावांनी आठवून पाहिलं. गोलसर होतं. इंदूबाई म्हणाल्या, "तो लुगडीवाला शालिकराम तर नसंल? त्याची सायकल असते ना." पाठीवरून तसाच वाटत होता खरा. संध्याकाळपर्यंत ते गोल झालं, दुसऱ्या दिवशी तांब्याचं झालं, आणि कोर्टाची तारीख येईपर्यंत त्याला तोटीही फुटली.

मधुसूदनरावांचं शालिकरामशी वैर नव्हतं. उमरेडचा हा विणकर सहा वर्षं कॉलनीत लुगडी नि चादरी घेऊन यायचा. सुभद्राबाईंनी, म्हणजे मधुसूदनरावांच्या पत्नीनं, त्याच्याकडून दोन लुगडी घेतली होती. दुष्टपणा नव्हता. झालं ते असं, की कोर्टात 'साक्षीदार क्रमांक तीन' असा पुकारा झाला, मधुसूदनराव पिंजऱ्यात उभे राहिले, आणि सगळा हॉल चिडीचूप झाला. निवृत्त झाल्यापासून अशी शांतता त्यांच्या वाट्याला आली नव्हती. घरात त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुकरची शिट्टी व्हायची. इथे मात्र न्यायाधीश लेखणी उचलून थांबले होते. अशा वेळी 'काहीतरी मोठं बांधलेलं' हे वाक्य त्यांना फारच किरकोळ वाटलं. ते म्हणाले, "सकाळच्या कोवळ्या उन्हात बंबाची पितळी तोटी झळकत होती. सायकलवर हाच इसम होता."

हे वाक्य त्यांना पुढे कितीतरी दिवस आवडत होतं.

त्याच दिवशी दुपारी इंदूबाईंनी साक्षीत सरळ सांगितलं होतं की तोटी गळत होती, म्हणून काढून दुरुस्तीला दिली होती आणि बंबाला लाकडाची खुंटी ठोकली होती. या दोन वाक्यांचं भांडण कोणाच्या लक्षात आलं नाही. नोव्हेंबरात पावणेसहाला ऊन कुठून आलं, हेही कोणी विचारलं नाही. बंब कधी सापडला नाही, शालिकरामला मात्र सहा महिन्यांची शिक्षा झाली. सेशन कोर्टातलं अपील फेटाळलं. तो एक्केचाळीस दिवस आत बसला, मग हायकोर्टातून जामीन झाला, आणि आता हा निकाल.

एक्केचाळीस दिवसांचा आकडा मधुसूदनरावांनी त्या कागदावर वाचला. पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा आपल्याच चार ओळींवर जाऊन बसत होती. आयुष्यभर त्यांनी हजारो पोरांना वर्तणुकीचे दाखले दिले होते. म्हातारपणी कोणीतरी त्यांनाच दाखला दिला होता, तोही टाइप करून.

कॉलनीत सल्ल्यांची कमी नव्हती. भैय्याजी म्हणाले, "सोडा ना गुरुजी! कोण वाचते ते? निकालाचे गठ्ठे बांधून ठेवतात तिथं, उंदीर खाते." हा एकमेव शहाणपणाचा सल्ला असल्यामुळे तो मागे पडला. आनंदराव म्हणाले, "शेरे काढून टाका असा अर्ज करता येतो म्हणतात."

"तुम्ही तोटी पाहिली होती का?" सुभद्राबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"प्रश्न तोटीचा नाही."

"मग?"

"इभ्रतीचा आहे."

"पण पाहिली होती का?"

मधुसूदनराव छत्री घेऊन वकिलाकडे गेले. बाहेर पाऊस नव्हता, फारसं ऊनही नव्हतं.

वकील चंपतराव हा त्यांचाच विद्यार्थी. नववीत त्याला त्यांनी दोनदा नापास केलं होतं, आणि तो ते विसरला नव्हता. पण मनात राग नव्हता, उलट आपण किती पुढे आलो हे दाखवायची संधी मिळाल्याचा उत्साह होता. "गुरुजी, असा अर्ज नागपुरात कोणी केला नसंल," तो म्हणाला. मधुसूदनरावांना यात गौरव दिसला. का केला नसेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

अर्ज हिरव्या कागदावर टाइप झाला आणि कचेरीनं परत केला, कारण समास कमी सोडला होता. एकतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर 'समास सोडा' असं लाल शाईनं लिहिणाऱ्या माणसाला हे लागलं. दुसऱ्यांदा परत आला, कारण अर्जदाराचा खटल्याशी संबंध काय ते स्पष्ट नव्हतं. आरोपी? नाही. फिर्यादी? नाही. मग कोण? खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला, "काहीतरी असाल ना तुम्ही!" तिसऱ्यांदा परत आला, कारण साक्षीत वडिलांचं नाव गणपतराव आणि प्रतिज्ञापत्रात गणपत होतं. गणपत आणि गणपतराव हे दोघं एकच असून माझे वडील एकच होते, असं मधुसूदनरावांनी शपथेवर लिहून दिलं.

शेवटी अर्ज दाखल झाला आणि फौजदारी कामांच्या फलकावर लागला. तो फलक वाचत ते व्हरांड्यात उभे असताना खाकीतला एक माणूस खाडकन समोर येऊन वाकला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी, आता पोलीस शिपाई. "गुरुजी, तुम्ही? कशात सापडले?"

"सापडलो नाही. बंबाच्या चोरीचं जुनं प्रकरण आहे."

"अरे राम राम राम," शिपाई हळहळला, "वकील चांगला करा मग."

आठवड्याभरात इंदूबाईंना बाजारात कोणीतरी विचारलं, "तुमचा बंब त्या मास्तरांकडंच निघाला म्हणतात, खरं काय वं?" इंदूबाईंनी घरी येऊन हे सुभद्राबाईंना हसत हसत सांगितलं. सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त त्या दिवसापासून बाजारात जायची वेळ बदलली.

सुनावणीच्या दिवशी मधुसूदनराव काळा कोट घालून दहालाच हजर झाले. मार्च संपत आला होता. कोटात घाम फुटत होता. हॉलबाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता, मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हात तिच्यावर. मधुसूदनराव त्याच्यापासून दोन हात अंतरावर बसले. थोड्या वेळानं तो माणूस उठून उभा राहिला.

"नमस्कार गुरुजी."

शालिकराम होता. डोक्याचे केस बरेच गेले होते.

"तू कसा काय इथं?"

"नोटीस आली ना." त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. चंपतरावानं अर्जात त्याला सामनेवाला क्रमांक दोन केलं होतं; कायद्यानं करावंच लागतं म्हणे. "सरपंचाकडून वाचून घेतली. त्यालेबी समजली नाही. बोलला, केस पुन्हा उघडली असंल. म्हनून पहिल्या एस्टीनं आलो."

"आणि पिशवीत काय आहे?"

शालिकराम ओशाळला. "दोन कपडे, पांघरून. मागल्या वेळी कोर्टातूनच नेलं होतं ना सीधा. तवा अंगावरच्याच कपड्यावर होतो पाच दिवस. म्हनलं, यावेळी घेऊन जावं."

मधुसूदनरावांनी सांगितलं की तसं काही नाही, हा अर्ज फक्त त्यांच्या स्वतःच्या नावाविषयी आहे. "म्हनजे माह्यावर काही नाही?" "नाही." "पक्कं?" "पक्कं." शालिकराम खाली बसला. पिशवीवरचे हात मात्र त्यानं काढले नाहीत. मधुसूदनरावांचं 'पक्कं' त्याला एकदा भोवलं होतं.

सुनावणी आठ मिनिटं चालली. पहिल्या तीन मिनिटांत चंपतरावानं इभ्रत, समाज, शिक्षकाचा पेशा यांविषयी सांगितलं. न्यायमूर्तींनी विचारलं, सही झालेला निकाल कोर्टालाच बदलता येत नाही, याविषयी वकिलांचं काय म्हणणं आहे? चंपतरावानं पुन्हा इभ्रतीपासून सुरुवात केली. मग न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "अर्जदार हजर आहेत का? तुम्ही सांगा गुरुजी. तोटी दिसली होती का?"

पुन्हा तीच शांतता. पंखा फिरत होता. मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन शालिकराम बसलाय, हे मधुसूदनरावांना न वळताही कळत होतं. एकच शब्द बोलायचा होता आणि तो दोन अक्षरांचा होता. सुभद्राबाईंनी तो भाजी निवडताना मागितला होता, आता न्यायमूर्ती मागत होते. मधुसूदनरावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या कानावर त्यांचाच आवाज आला : "महोदय, मनुष्याची दृष्टी आणि मनुष्याची स्मृती या दोन भिन्न गोष्टी असून…"

चार मिनिटं ते बोलले. न्यायमूर्तींनी अडवलं नाही.

बाहेर आल्यावर शालिकराम जवळ आला. "गुरुजी, झालं काय? मी जाऊ घरी? का कुठं सही करा लागते?"

"जा," मधुसूदनराव म्हणाले. आणखी काही बोलायचं होतं, पण कोटाची बटणं काढण्यात ते राहून गेलं.

अर्ज फेटाळला गेला. एवढ्यावर निभावतं तरी ठीक होतं. पण पहिला निकाल, ज्यात त्या चार ओळी होत्या, तो भैय्याजी म्हणाले तसा गठ्ठ्यात बांधून पडला होता. तो कोणी छापला नव्हता. दुसऱ्या निकालात मात्र कायद्याचा मुद्दा होता. दुखावलेल्या साक्षीदाराला असा अर्ज करता येतो का, हा प्रश्न नवा होता. त्यामुळे वकिलांच्या एका मासिकानं तो अख्खा छापला, आणि मथळ्यावर नाव आलं : मधुसूदन गणपतराव पिंपळापुरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जुन्या चार ओळी त्यात संपूर्ण उद्धृत केल्या होत्या. खाली नवीन भर होती : 'तोटी दिसली होती काय, असे या न्यायालयाने अर्जदारास विचारले असता त्याने चार मिनिटे उत्तर दिले. त्यात तोटीचा उल्लेख नव्हता.'

चंपतराव तो अंक पेढ्यांसकट घेऊन आला. "गुरुजी, आता जोपर्यंत कोर्टं आहेत तोपर्यंत आपलं नाव राहणार. माझंही खाली आहे, पाहा." लॉ कॉलेजात हा निकाल शिकवू लागले. भैय्याजींचा पुतण्या तिथे शिकत होता. त्यानं घरी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

सुभद्राबाईंनीही तो अंक चंपतरावाकडून समजून घेतला. पूर्ण ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तो माणूस पांघरूण घेऊन आला होता कोर्टात, हे तुम्ही मला सांगितलं नाही." ते मासिकात नव्हतं, बोलता बोलता चंपतरावाच्या तोंडून निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी मधुसूदनरावांनी उमरेडची एस्टी पकडली. या वेळी कोट घातला नाही.

शालिकराम हातमागावर बसला होता. त्याची बायको प्रयागबाई हिनं पाहुणे कोण ते ओळखलं, चहा ठेवला, आणि कप जरा जोरातच समोर आणला. मधुसूदनरावांनी पाठ करून आणलेलं वाक्य बाजूला ठेवलं. "शालिकराम, मी तुझा चेहरा पाहिला नव्हता. पाठ पाहिली. तोटीही नाही पाहिली."

शालिकरामनं धोटा थांबवला. "मीच होतो गुरुजी तो."

"काय?"

"सायकलवर मीच होतो. रात्री नागपुरातच मेहुण्याकडं राह्यलो, पहाटं हिंगण्याच्या बाजाराले निघालो होतो. मांगं लुगड्याचा गठ्ठा होता, चादरीत बांधलेला. कोर्टात मी हेच सांगून राहिलो होतो ना. तुम्ही पोलिसाले पह्यले सांगितलं तसंच तिथं सांगितलं असतं, काहीतरी बांधलं होतं म्हनून, तर माह्यासाठी बरं झालं असतं."

मधुसूदनरावांच्या हातातला चहा निवत गेला. त्यांचं पहिलं, किरकोळ वाक्य. तेच याच्या उपयोगाचं होतं.

"पोरीची सोयरीक मोडली तवा," प्रयागबाई दारातून म्हणाली. "आता झालं लग्न, दुसरीकडं. बरं हाय." आणि ती आत गेली.

"प्रताप नगरात काहून येत नाहीस आता?" मधुसूदनरावांनी विचारलं. पश्चात्तापात त्यांची शुद्ध मराठीही जरा सैल झाली होती. "निर्दोष सुटलास ना?"

"कोर्टानं सोडलं गुरुजी. बायांनी थोडीच सोडलं!"

तेव्हा मधुसूदनरावांनी ठरवलं. पुढच्या रविवारी गठ्ठा घेऊन ये. मी स्वतः घरोघर तुझ्यासोबत फिरतो. माझ्यामुळे गेलेलं गिऱ्हाईक मीच परत आणून देतो. शालिकराम आधी नको म्हणाला, मग प्रयागबाईनं आतून सांगितलं, "जा ना, पाहा तरी." आणि तो आला.

रविवारी सकाळी नऊ वाजता कॉलनीनं ते दृश्य पाहिलं. पुढे मधुसूदनराव, मागे सायकल हातात धरून शालिकराम. पहिलं दार इंदूबाईंचं. मधुसूदनराव पायरीवर उभे राहून एका दमात, एकही अलंकार न लावता म्हणाले, "इंदूबाई, बंब यानं नेला नव्हता. मी कोर्टात खोटं बोललो."

इंदूबाईंनी ओले हात पदराला पुसले. त्या वाईट बाई नव्हत्या. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "तवा तुम्हीच सांगितलं का यानं नेला. आज तुम्हीच म्हणता का नाही नेला. यातलं आम्ही कोणतं धरावं? आणि आमच्या पुतण्यानं वाचून दाखवलं ना, तुमच्या शब्दावर भरवसा ठेवू नये असं हायकोर्टानं लिहिलं म्हणून."

"अहो, पण त्याच निकालात हा निर्दोष आहे असंही लिहिलंय!"

"असंल. ते त्यानं नाही वाचलं."

दुसऱ्या घरी दार अर्धंच उघडलं. तिसऱ्या घरच्या बाईंनी लुगड्याचा काठ चाचपून पाहिला आणि 'यांना विचारून सांगते' म्हणाल्या. चौथ्या घरी, आनंदरावांच्या पत्नी पुष्पलताबाईंना मधुसूदनरावांचीच दया आली. "उन्हाचं काहून फिरून राहिले गुरुजी? बसा, पाणी घ्या. एक चादर घेते मी, सुभद्राताईंसाठी म्हणून." त्या आत वळणार तोच शालिकराम म्हणाला, "राहू द्या वैनी. मनात आलं तवा घ्या."

पाचव्या घराच्या फाटकाशी तो थांबला. "झालं गुरुजी. आता नको."

"अजून दोन ओळी आहेत. मी समजावून सांगतो त्यांना. मी नीट सांगतो."

"तुम्ही नीटच सांगून राहिले." शालिकराम गठ्ठ्याची दोरी आवळत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मधुसूदनरावांना बरं वाटलं असतं. "लकडगंजात एक दुकानदार हाय, तो घेते ठोकात. भाव कमी देते, पन दारोदारी जा लागत नाही."

सुभद्राबाईंनी पोहे केले होते. मधुसूदनरावांनी खूप आग्रह केला. शालिकरामनं अंगणातच उभ्या उभ्या बशी संपवली, नळावर धुतली आणि पायरीवर पालथी घातली. मग सायकलवर टांग टाकता टाकता तो म्हणाला, "जातो मी, गुरुजी."

घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे मधुसूदनरावांनी एकतीस वर्षं प्रत्येक वर्गाला शिकवलं होतं, आणि चुकणाऱ्याला तिथल्या तिथे परत बोलावून दुरुस्त करायला लावलं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण सायकल वळणावर पोचली होती, आणि माणूस बरोबरच बोलला होता.